एकाच दाराशी आलेले माय-लेक

१९५५ सालचा डिसेंबर महिना. आयर्लंड देशातल्या टिपरेरी परगण्यात रॉस्क्रे नावाचे गाव आहे. गावाजवळ शॉन रॉस अ‍ॅबी नावाचा ननांचा मठ होता. त्या मठाच्या वरच्या खिडकीशी २२ वर्षांची एक मुलगी उभी होती. खाली एका मोटारीत तिच्या मुलाला बसवले जात होते. मुलगा जेमतेम साडेतीन वर्षांचा. मोटार हलली तेव्हा तो मागच्या काचेतून वळून बघत होता. आईने वरून हाक मारली. ती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. मोटार फाटकाबाहेर गेली आणि पुढे विमानाने तो मुलगा अमेरिकेला गेला.

मुलाचे नाव अँथनी. आईचे नाव फिलोमिना ली.

हा लेख आपल्या मासिकात द्यावा की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली, हे वाचकांना सांगायला हरकत नाही. हा अंक घरात सगळ्यांसमोर वाचला जातो. आजी वाचते, नववीतली नात वाचते. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीची हकीकत अशा घरात कशी न्यायची? शेवटी आम्ही ठरवले की न्यायची. कारण ही हकीकत त्या मुलीच्या चुकीची नाही. चूक एका संध्याकाळची होती आणि तिची शिक्षा पन्नास वर्षे चालली. ती शिक्षा देणारे लोक स्वतःला देवाधर्माचे समजत होते. त्यामुळे ही गोष्ट देवाधर्माच्या माणसांनी वाचलीच पाहिजे. आपणही त्यातलेच.

फिलोमिनाचा जन्म १९३३ चा, लिमरिक परगण्यातल्या न्यूकॅसल वेस्ट या गावचा. सहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. बापाने मुलगे घरी ठेवले आणि मुली ननांच्या शाळेत वसतिगृहात पाठवल्या. अठराव्या वर्षी ती तिथून बाहेर पडली आणि मावशीकडे राहायला आली. पुरुष म्हणजे काय, मूल कसे होते, हे तिला कोणी कधी सांगितलेले नव्हते. हे तिने स्वतः म्हातारपणी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. एका जत्रेत तिची एका तरुणाशी ओळख झाली. ती पुन्हा त्याला भेटली नाही. दिवस गेले हे लक्षात आल्यावर घरच्यांनी तिला रॉस्क्रेच्या मठात नेऊन सोडले. ५ जुलै १९५२ रोजी तिथेच अँथनी जन्मला. मूल पायाळू होते, वेदना कमी करायचे औषध दिले गेले नाही.

अशा मठांना तिकडे ‘माता-बाल गृह’ म्हणत. नाव गोड आहे. आत गेलेल्या मुलीला दुसरे नाव दिले जाई, म्हणजे खरे नाव कोणाला कळायला नको. बाळंतपणानंतर तिला घरी जाता येत नसे. १०० पौंड भरले तर लवकर सुटका, नाहीतर सुमारे तीन वर्षे मठात राबून खर्च फेडायचा. १०० पौंड ही त्या काळी गरीब घराला न झेपणारी रक्कम होती. फिलोमिना लाँड्रीत कपडे धूत असे. मूल त्याच इमारतीत, पण दिवसातून ठरलेल्या थोड्या वेळेपुरते भेटायचे. तेवढ्या वेळात मूल आईला ओळखायला लागले, बोलायला लागले, तिच्या मागे धावायला लागले. जन्मताच मूल उचलून नेले असते तर ते वेगळे दुःख असते. इथे आईला तीन वर्षे लळा लावू दिला आणि मग नेले.

आता त्या सहीबद्दल, कारण पुढची सगळी अडवणूक त्या सहीच्या आधाराने झाली.

१९५५ च्या जूनमध्ये तिच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. मी या मुलावरचा माझा हक्क कायमचा सोडत आहे, त्याला कोणाच्याही हवाली करण्याचा अधिकार मठाच्या प्रमुखांना देत आहे, आणि पुढे कधीही त्याला भेटण्याचा, त्याच्या आयुष्यात येण्याचा वा त्याच्यावर दावा सांगण्याचा प्रयत्न करणार नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. नोटरीसमोर तिने सही केली. कोणी तिचा हात धरून सही करवली नाही. मग ही सक्ती कशी, असे पुष्कळांनी विचारले. आजही विचारतात.

आपल्याकडे जमिनीच्या कागदावर म्हाताऱ्या आईचा अंगठा कसा घेतला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. त्या मुलीला बापाच्या घरी परत जायची वाट नव्हती. बापाने गावात तिचे नावच काढायचे सोडले होते. हाती पैसा नव्हता, नोकरी नव्हती, मूल घेऊन भाड्याची खोली मागितली तर कोणी दारात उभे केले नसते. एकट्या आईला सरकारी मदत द्यायला आयर्लंडने सुरुवात केली ती १९७३ साली. ज्याच्यापुढे एकच रस्ता ठेवला आहे त्याला ‘तू स्वतःच्या पायाने गेलास’ म्हणणे सोपे असते.

आणि तिला हे पाप आहे असे शिकवलेले होते. तोंड उघडणे हे आणखी मोठे पाप आहे, असेही शिकवलेले होते. म्हणून मूल गेल्यावर ती गप्प राहिली. मठाने तिला इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या बाजूला कामाला पाठवले. पुढे ती परिचारिका झाली आणि मनोरुग्णांच्या इस्पितळात तिने तीस वर्षे नोकरी केली. लग्न झाले, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. घरात कोणालाही तिने अँथनीचे नाव सांगितले नाही. दर ५ जुलैला ती मनातल्या मनात त्याचे वय मोजत असे.

मात्र ती पूर्ण गप्प नव्हती. मूल गेल्यावर वर्षभरातच ती रॉस्क्रेला परत गेली होती. नंतरही गेली, पुन्हा पुन्हा गेली. माझा मुलगा कुठे आहे, एवढेच विचारायला. दर वेळी उत्तर मिळाले की सांगता येणार नाही, तू सही केली आहेस.

इकडे अमेरिकेत काय झाले होते? मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस इथल्या हेस नावाच्या कुटुंबाला तीन मुलगे होते, मुलगी हवी होती. त्या घरची बाई आयर्लंडला येऊन मेरी नावाची छोटी मुलगी पसंत करून गेली. मेरीच्या मागेमागे एक मुलगा सारखा असायचा, तो अँथनी. बाईला त्याचाही लळा लागला आणि दोघांना न्यायचे ठरले. अँथनीचा तिकडे मायकल झाला. मायकल हेस. मुलगा हुशार निघाला, वकील झाला, आणि अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा मुख्य कायदा सल्लागार या पदापर्यंत चढला. लिमरिकच्या ज्या मुलीकडे १०० पौंड नव्हते, तिच्या पोटचा मुलगा.

तोही आईला शोधत होता. १९७७ साली तो रॉस्क्रेला आला. माझी आई कोण, ती कुठे असेल, असे त्याने विचारले. सांगितले गेले नाही. १९९३ मध्ये तो पुन्हा आला. तेव्हा त्याला एड्स झाला होता आणि आपल्याकडे दिवस थोडे आहेत हे त्याला माहीत होते. तेव्हाही त्याला काही सांगितले गेले नाही. आईचे नातेवाईक त्याच परगण्यांतून राहत होते. आई समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये होती, आणि तीही त्याच दारात येऊन गेलेली होती.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. एकाच दारात आई येऊन विचारते, मुलगा येऊन विचारतो. दोघांची उत्तरे त्या घरात आहेत. तरी दोघांनाही रिकाम्या हाताने परत पाठवले जाते. मूल नेले तेव्हा निदान असे म्हणता येत होते की गरीब मुलीचे लेकरू चांगल्या घरी जात आहे, त्याचे कल्याण होईल. ते कल्याण झालेही. पण मुलगा चाळिशीचा आहे, मरणाच्या दारात आहे, आई साठीची आहे. आता गप्प राहण्यात कोणाचे कल्याण होते? आम्हाला वाटते, या हकीकतीतला खरा जुलूम हा दुसरा आहे. पहिल्या जुलमात काळाची, गरिबीची, समाजाच्या भीतीची भागीदारी होती. दुसऱ्यात फक्त एक कागद आणि एक बंद तोंड होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी मायकल हेस वॉशिंग्टनमध्ये वारला. मला रॉस्क्रेच्या मठाच्या आवारात पुरा, अशी त्याची इच्छा होती, आणि ती मठाने मान्य केली. जिवंतपणी जे सांगितले नाही त्याच्या बदल्यात जागा दिली, असे म्हणायचे का? आम्ही काही म्हणत नाही.

फिलोमिनाने तोंड उघडले ते २००३ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या सत्तरीत. तिने आपल्या मुलीला सांगितले की तुला एक मोठा भाऊ आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मुलीने शोध हाती घेतला. मार्टिन सिक्सस्मिथ या ब्रिटिश पत्रकाराची मदत झाली. आणि शोध जिथे संपला ते ठिकाण होते पुन्हा रॉस्क्रे. मठाच्या आवारातली कबर. आई मुलाला भेटली ती तिथे.

सिक्सस्मिथने २००९ साली यावर पुस्तक लिहिले आणि २०१३ मध्ये ‘फिलोमिना’ हा चित्रपट निघाला. जुडी डेंच या अभिनेत्रीने तिची भूमिका केली. चित्रपट चांगला आहे, पण चित्रपटवाल्यांनी त्यात भर घातली आहे. त्यात ती पत्रकाराबरोबर मुलाला शोधायला अमेरिकेला जाते. प्रत्यक्षात त्या शोधासाठी ती अमेरिकेला गेलेली नव्हती. हे सांगायचे कारण एवढेच की पडद्यावरचे पाहून माणूस हळहळतो आणि घरी जातो. फिलोमिना घरी गेली नाही. २०१४ साली ती पोप फ्रान्सिस यांना भेटली. त्याच वर्षी तिच्या नावाने एक प्रकल्प सुरू झाला. आयर्लंडमधल्या दत्तक मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या नोंदी खुल्या कराव्यात, ही त्याची मागणी होती. तिने धर्म सोडला नाही. ननांना माफ केले आहे, असेही ती म्हणते. पण माफी दिली म्हणून कागद मागायचे तिने सोडले नाहीत.

तिच्यासारख्या किती होत्या? आयर्लंड सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. अशा १८ संस्थांमधून १९२२ ते १९९८ या काळात सुमारे ५६,००० स्त्रिया आणि ५७,००० मुले गेली. त्यांतली सुमारे ९,००० मुले तिथेच दगावली. गॅलवे परगण्यातल्या ट्यूम गावच्या गृहातल्या ७९६ बालकांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास शोधणाऱ्या बाईने एक एक करून जमवल्या. ती मुले कुठे पुरली आहेत, हे तिचे विचारणे होते. २०१७ मध्ये तिथे जमिनीखालच्या जुन्या बांधकामात बालकांचे अवशेष सापडले आणि २०२५ साली तिथे पूर्ण उत्खनन सुरू झाले. आयर्लंडमधून अमेरिकेत दत्तक गेलेली मुले सुमारे दोन हजार होती.

अहवाल आल्यावर पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. हे चांगले झाले. पण त्याच अहवालात एक वाक्य आयांना काट्यासारखे रुतले. सक्तीने दत्तक देण्यात आल्याचा फारसा पुरावा आम्हाला मिळाला नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष आयोगाने काढला होता. म्हणजे पुन्हा ती सही! फिलोमिना तेव्हा ८८ वर्षांची होती. तिने आणि आणखी काही जणींनी डब्लिनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. आमच्याबद्दल लिहिताना आम्हाला आधी मसुदा दाखवला नाही, आमचे म्हणणे मांडू दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने घोषणा केली की अशी संधी देणे कायद्याने आवश्यक होते आणि ती दिली गेली नाही. सरकारनेही ते मान्य केले. अहवालाची पाने बदलली नाहीत, पण निदान एवढे नोंदवले गेले.

हा एकट्या आयर्लंडचा किंवा एकट्या कॅथलिक पंथाचा दोष नव्हे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियात असेच घडले आणि २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. ब्रिटनमध्येही घडले. परक्या धर्माची लक्तरे दाखवून आपण स्वच्छ झालो असे मानण्याची जी सवय आपल्यात आहे, तिच्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही.

आपल्याकडे या बाबतीत शिकवण काय आहे?

कुरआनमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या आईची हकीकत सूरह कससमध्ये आली आहे. फिरऔनच्या भीतीने तिने तान्हे मूल पाण्यात सोडले. कोणी विचारेल, तिनेही ते ‘स्वतःच्या हातानेच’ सोडले ना? पण अल्लाह तिच्या हातांकडे बघत नाही, तिच्या काळजाकडे बघतो. तिचे हृदय रिते झाले होते, असे वर्णन आले आहे. तिने मुलीला मुलाच्या मागावर पाठवले. मूल दुसऱ्या कोणत्याही दाईचे दूध घेईना आणि शेवटी ते आईच्याच कुशीत परत आले, तिचे डोळे निवावेत म्हणून. राजवाड्यात मुलाचे कल्याणच होणार होते. खाणेपिणे, मान, सगळे मिळणार होते. तरी आईचे डोळे निवणे ही गोष्ट वेगळी मोजली गेली.

अबू दाऊदच्या हदीस संग्रहात एका प्रवासातली घटना आहे. काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची पिले उचलली. ती पंख फडफडवत भोवती घिरट्या घालू लागली. पैगंबर मुहम्मद (स.) आले आणि त्यांनी विचारले की हिची पिले घेऊन हिला कोणी दुखावले, ती हिला परत करा. तिर्मिजीमध्ये हजरत अबू अय्यूब (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस याहून कडक आहे. जो आई आणि तिच्या मुलाची ताटातूट करील, त्याची कयामतच्या दिवशी त्याच्या प्रियजनांपासून अल्लाह ताटातूट करील. हे बोल युद्धात पकडलेल्या बंदिवान स्त्रियांच्या संदर्भातले आहेत. म्हणजे जिथे माणसाला माणूस समजणे सुटते, तिथेही ही मर्यादा घातली होती.

आणि हजरत जैद (रजि.). कल्ब जमातीतल्या हारिसा यांचा हा मुलगा. आई त्याला माहेरी घेऊन गेली होती. तिथे धाड पडली आणि धाडेकऱ्यांनी मुलाला तिच्या हातून पळवून उकाजच्या बाजारात विकले. तो हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरी आणि तिथून पैगंबरांकडे (स.) आला. बाप वर्षानुवर्षे मुलाला शोधत रडत फिरला. हजला आलेल्या कल्बच्या लोकांनी जैद यांना ओळखले आणि बापाला खबर दिली. बाप आणि काका खंडणीची रक्कम घेऊन मक्केला आले. पैगंबर (स.) यांनी रक्कम नाकारली. मुलालाच विचारा, त्याला यायचे असेल तर तो तसाच तुमचा, असे सांगितले. जैद यांनी राहणे पसंत केले. पण बाप आनंदाने परतला, कारण त्याला मुलगा दिसला, तो कुठे आहे आणि कसा आहे हे कळले. रॉस्क्रेच्या दाराशी आलेल्या आईने याहून जास्त काही मागितले नव्हते.

लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले होते. मग सूरह अहजाबमधला हुकूम आला, की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापांच्या नावाने हाक मारा, बाप ठाऊक नसतील तर ते तुमचे दीनी भाऊ आणि स्नेही आहेत. तेव्हा जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेम तिळभर कमी झाले नाही. सर्व सहाबांमध्ये कुरआनात नावाने उल्लेख आला तो एकट्या त्यांचाच. इस्लाममध्ये दत्तक ‘नाही’, एवढे एक वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. ते अर्धे आहे. परके मूल वाढवायला, त्याच्यावर खर्च करायला, जीव लावायला मनाई नाही. यतीम सांभाळणाऱ्याचा दर्जा तर फार मोठा सांगितला आहे. मनाई आहे ती त्याचे मूळ पुसायला. रॉस्क्रेत अँथनीचा मायकल होताना नेमके तेच झाले होते.

आता आपल्या घरात येऊ या. बहिणीला मूल नाही म्हणून भावाने आपले मूल तिच्या पदरात घातले, अशी घरे आपल्या वाचकांच्या ओळखीत नक्की असतील. यात वाईट काही नाही. पण मग जन्मदाखल्यावर, आधार कार्डावर, शाळेत बहिणीच्या नवऱ्याचे नाव बाप म्हणून लागते. मुलाला कळू द्यायचे नाही, असे सगळ्या खानदानाने ठरवलेले असते. मूल देणाऱ्या भावजयीला कोणी विचारलेले असतेच असे नाही. सासूने ठरवले, नवऱ्याने मान डोलावली, आणि ओली बाळंतीण गप्प राहिली. तिने कागदावर सही केली नाही एवढाच फरक. पुढे वीस-बावीस वर्षांनी निकाहच्या वेळी काजीसाहेब मुलीचे नाव ‘बिन्ते’ कोण असे विचारतात आणि घरात कुजबुज सुरू होते. खरा वली कोण, महरम कोण, वारसा कोणाचा, हे प्रश्न तेव्हा एकदम उभे राहतात. चुलत, मामे, आते, सगळी भावंडे एका घरात वावरलेली असतात. मुलीला आपण कोण हे कळते ते भर मांडवात, तेही एखाद्या लांबच्या खालाच्या तोंडून.

शरियतने यासाठी वाट ठेवली आहे. मूल दोन वर्षांच्या आतले असेल आणि सांभाळणारीने त्याला दूध पाजले, तर दुधाचे नाते लागते आणि पडद्याचा प्रश्न सुटतो. सांभाळलेल्या मुलाला वारसा मिळत नाही, पण एक तृतीयांश मालमत्तेपर्यंत वसीयत करता येते. बारीक मसले आपल्या गावच्या आलिमांना विचारावेत.

देशाचा कायदाही ठाऊक असावा. मुस्लिम घरांत पूर्वी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मूल सांभाळायला घेतले जाई आणि आजही घेता येते. २०१४ साली शबनम हाशमी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येईल. ही मुभा आहे, सक्ती नाही. आता २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. त्यानुसार मूल सोडायचे असेल तर आई-बापांनी बाल कल्याण समितीपुढे जावे लागते, तिथे त्यांना समजावून सांगितले जाते, आणि सही केल्यावरही विचार बदलायला दोन महिने मिळतात. फिलोमिनाला दोन दिवसही मिळाले नव्हते. दवाखान्यातून परस्पर मूल घेऊन त्याला आपल्या पोटचे म्हणून नोंदवणे हा गुन्हा आहे, मग त्यात हेतू कितीही नेक असो. दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधण्याची वाटही आता नियमांत आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून पूर्वी युरोप-अमेरिकेत गेलेली मुले आज मोठी होऊन इथे आईचा पत्ता विचारत येतात.

आणि कुठल्या घरातल्या मुलीच्या वाट्याला फिलोमिनासारखा प्रसंग आलाच, तर? असा प्रसंग येऊ नये, ही प्रत्येक आईची दुआ असते. पण आला तर पहिला प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ हा येतो आणि मुलीला रात्रीतून लांबच्या गावी पोहोचवले जाते. अविवाहित आई एकटीही मुलाची कायदेशीर पालक होऊ शकते आणि त्यासाठी बापाचे नाव सांगायची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. बाल मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ आहे, तिथे आईसुद्धा फोन करू शकते. पण क्रमांक नंतरचे. फिलोमिनाच्या बापाने दार उघडे ठेवले असते तर मठ, सही, अमेरिका, यांतले काहीच घडले नसते. बाप वाईट माणूस नव्हता. बायको गेलेला, सहा लेकरांचा, भित्रा माणूस होता.

आयर्लंडमध्ये २०२२ साली नवा कायदा झाला. आता दत्तक गेलेल्या प्रत्येकाला आपला जन्मदाखला आणि आपल्या जन्माची कागदपत्रे पूर्ण बघता येतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून अर्ज घेणे सुरू झाले आणि पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे अर्ज करू लागली. मायकल हेस हयात असता तर तेव्हा ७० वर्षांचा असता.

रॉस्क्रेच्या त्याच्या कबरीवर अमेरिकेतले नाव आहे. मात्र दगडावर जन्मतारीख आणि जन्मस्थळही कोरले आहे. ५ जुलै १९५२, शॉन रॉस अ‍ॅबी, रॉस्क्रे. सहसा कबरीवर जन्माचे ठिकाण इतके नेमके कोणी लिहीत नाही. आपली आई कधीतरी इथे शोधत येईल, असे त्याला वाटत होते. नाव तिला ओळखू आले नसते. तारीख आली असती.